न धुतलेली जर्सी

१ जानेवारी २०१८, हौगांग, सिंगापूर

उद्धव,

आज सुट्टी होती. सकाळी चहा घेऊन तुझ्या लाडक्या अमेरिकन फुटबॉल टीमची, क्लीव्हलँड ब्राउन्सची, सीझनमधली शेवटची मॅच बघितली. अगदी शेवटी हातात आलेला चेंडू सुटला आणि तीही हरले. या सीझनच्या सोळाच्या सोळा मॅच हरले.

सप्टेंबरात तू बजावलं होतंस, "ते जिंकेपर्यंत ही जर्सी धुवायची नाही."

"आणि हरतच राहिले तर?"

"तर नाकाला रुमाल लाव."

दिवाळीआधी तू गेलास. जर्सी दारामागच्या हुकवरच राहिली. तिला अजून तुझा वास आहे. पुण्याहून आई म्हणाल्या, "अगं ऋता, ती धुऊन कुणाला तरी देऊन टाक." मी म्हटलं, "त्याची टीम जिंकली की धुते."

तुला एक तरी विजय बघायचा होता. तू गेल्यापासून मी मात्र दर मॅचला ते हरावेत म्हणून हात जोडत होते. आज चेंडू सुटला तेव्हा मला हायसं वाटलं. आता पुढच्या सप्टेंबरपर्यंत मॅच नाही.

मघाशी मशीन लावलं. खिडकीबाहेरच्या बांबूवर फक्त माझे कपडे वाळत घातले.

ऋता