वीस सेकंद

४ मार्च १९८५
नंदिनीला घरी बसवलं! गगनबावड्याकडच्या उपसा योजनेचा पाइप चाचणीतच फुटला. पंपावरच्या मौलाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डिझाइन माझ्या लेकीचं, म्हणून चूकही तिचीच. आणि तिच्या साहेबांनी खाली सह्या केल्या, त्या काय डोळे मिटून?

५ मार्च
साहेब ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले म्हणे — "बाईच्या हाती कॉम्प्युटर दिला की हेच होणार." बत्तीस वर्षं गणित शिकवलं मी. असल्या उत्तराला भोपळा दिला असता.

वर म्हणतात, इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटरला हिशेबासाठी दिलेला आकड्यांचा तक्ता फायलीतून गायब आहे. त्यांनीच लपवला असणार! तो शाईनं मीच उतरवून दिला होता — नंदिनीचं अक्षर मशीनवरच्या माणसांना लागत नाही. माझ्या तक्त्यात चूक? कॉन्व्हेंटमध्ये एका खाडाखोडीला सिस्टर अख्खं पान पुन्हा लिहायला लावायच्या.

७ मार्च
दवाखान्यात गेले. मौलाची आई अमीरबी माझ्याकडे बघेना. मौला मात्र बोलला. "लाईट गेली, बाई. पंप बंद. वर चढलेलं पाणी धाडकन मागं आलं की."

पंप हळूहळू नाही का थांबला?

हसला — त्या अवस्थेत! "लाईट काय सांगून जाती व्हय?"

८ मार्च
दोघी कॉलेजात गेलो. जुन्या छापील कागदावर ‘पंप थांबण्याचा वेळ : वीस सेकंद’, दाब सहा किलो. नंदिनीनं वीसच्या जागी एक घातला. मशीन खडखडलं. दाब एकोणीस! पाइप सोसणार दहा किलो.

"प्रोग्रॅम बरोबर आहे, आई. सांगितलं तेवढंच त्यानं केलं."

वीस कुणी सांगितले?

"मी." खिडकीबाहेर बघत!

खोटं बोलते आहे. साहेबांना वाचवते आहे, दुसरं काय!

१० मार्च
नंदिनी जेवत नाही. उद्या चौकशी. ओरडले तिच्यावर — नाव घे त्या माणसाचं! नोकरी जाईल, खटला होईल, कळंब्याच्या तुरुंगात डबा घेऊन यायचं का मी?

"आई, पाया पडते. सोड हा विषय."

देवा, काय करू मी हिचं?

११ मार्च, सकाळी सात
तिच्या साड्यांखाली तक्ता सापडला. साहेबांनी नव्हे, हिनं लपवला! सोबत तिचा पेन्सिलीचा कच्चा कागद. त्यावर पंप थांबण्याचा वेळ — शून्य. माझ्या तक्त्यावरही शून्यच. पण त्यावर एक सरळ रेघ, आणि शेजारी वीस. माझ्या अक्षरात.

आठवलं. कॉलेजातून माणूस तक्ता घेऊन परत आला होता — शून्यावर मशीन अडतं. नंदिनी साइटवर होती. शून्यानं भागायचं नसतं हेही पोरीला कळत नाही, असं म्हणत मीच अंदाजानं वीस लिहिले. तिला सांगायचं राहून गेलं.

साडेनऊ
नंदिनी आंघोळीला गेली आहे. तक्ता माझ्या पर्समध्ये आहे. रिक्षा दारात उभी आहे; तिच्याआधी चौकशीला मी पोचते.