अकरा मणी

१४ जानेवारी २०२५

आज पहिला दिवस. हाडं धुतली.

लॅब युनिव्हर्सिटीच्या तळघरात आहे. टांझानियातल्या एका मोठ्या कपारीत हजारो वर्षांपूर्वी माणसं राहत होती. त्यांनी खाल्लेलं, टाकलेलं, हरवलेलं सगळं खणून पिशव्यांतून इथे आलंय. अभ्यास झाला की परत जाणार. झेब्र्याचे दात, सशाचा जबडा, कासवाच्या पाठीचे तुकडे, दगडाची पाती. काम हिमानीच्या पीएचडीचं. मुलगी पुण्याची, इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, आमच्या पलीकडच्याच गल्लीत राहते. "काकू, घरात बोअर होता ना? मग व्हॉलंटियर म्हणून या," म्हणाली. आणि आज तीच तापाने घरी! प्रोफेसरबाईंनी टूथब्रश आणि कोमट पाण्याचा टब दिला, हाडं कशी धुवायची ते दाखवलं आणि मीटिंगला गेल्या.

सगळ्यात खालच्या थराच्या पिशवीत हाडांबरोबर मणी निघाले. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे, मसुराएवढे. अकरा. तांबड्या मातीने माखलेले. तेही घासले. दुधासारखे पांढरे झाले.

नागपूरच्या कॉन्व्हेंटची आठवण आली. शनिवारी आम्ही मुली चॅपलमधले मेणबत्त्यांचे पितळी स्टँड घासायचो. सिस्टर बेनेडिक्टा वाकून त्यात बघायच्या. त्यांचा चेहरा दिसला तर पास.

२१ जानेवारी

हिमानी आली. आता दर मंगळवारी-शुक्रवारी साडेनऊला तीच मला गाडीने नेणार. आज नंबर घालायला शिकवलं. हाडावर लॅकरचा एक थेंब, तो वाळला की त्यावर निबने, काळ्या शाईत. अक्षर तांदळाच्या दाण्याएवढं. माझं बघून म्हणाली, "काकू, हे प्रिंटरवर काढलंत की काय? माझ्या अक्षराला तर इथे सगळे मुंगी शाईत पडली म्हणतात."

याच अक्षरासाठी बोटांवर पट्ट्या खाल्ल्या होत्या. चौसष्टाव्या वर्षी कामी आलं.

निघताना सहज म्हणाली, "आणि हां, मणी सापडले तर पाणी लावायचं नाही हं. कोरडा ब्रश, तोही हलका. तांबडं दिसतं ती नेहमी माती नसते. गेरू लावलेला असू शकतो."

मी "बरं" म्हटलं. त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण नुकतं कौतुक झालं होतं. इथे आल्यापासून आठ वर्षांत कुणी माझ्या कुठल्या कामाचं कौतुक केलेलं नाही. हे गेल्यापासून तर नाहीच.

४ फेब्रुवारी

बावन्न नंबर. सशाच्या बरगडीवरसुद्धा जमतं आता.

११ मार्च

हिमानीने खुर्ची ओढून लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला.

"बघा ना काकू. वरच्या थरांतले मणी, सगळ्यांवर गेरू. सगळ्यांत खालचे हे अकरा, एकदम कोरे. म्हणजे मणी रंगवायची पद्धत मध्येच कधीतरी सुरू झाली. आणि ती कधी, हे मी सांगू शकते! हा माझा अख्खा चॅप्टर आहे, यार." एप्रिलमध्ये डेन्व्हरला परिषदेत मांडणार आहे.

फोटोत माझे अकरा मणी. दुधासारखे.

"काकू, बरं वाटत नाही का?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय," म्हटलं. असं खोटं बोलले.

१२ मार्च

जेवताना अवधूतला सांगितलं. मुलगा आधी हसला. "आई, तुझं घासायचं वेड! नॉनस्टिक तवा संपवलास, आता आफ्रिकेचा इतिहास." मग माझं तोंड बघून म्हणाला, "पण सांगू नकोस. कुणाला कळणारे? तिचं पीएचडीचं डिफेन्स मेमध्ये आहे. तिचा व्हिसा, तिचा फंड, सगळं त्यावर. तू खरं बोलून मोकळी होशील, ती लटकेल."

त्याचं अगदीच चूक नाही. तेच जास्त टोचतंय. सांगितलं तर तिचं नुकसान. नाही सांगितलं तर डेन्व्हरमध्ये ती पोर शंभर माणसांपुढे उभी राहून माझा टूथब्रश वाचून दाखवणार.

आणि ज्यांचे मणी, त्यांच्या नावावरही खोटं लागणार. त्यांना तर कुणी विचारायलाही नाही.

१४ मार्च

सांगितलं.

लॅबमध्ये दोघीच होतो. मी बसलेही नाही. ती म्हणाली, "अकराच्या अकरा?"

"हो."

"ब्रशने?"

"ब्रशने. कोमट पाण्यात. पहिल्याच दिवशी. तू पाणी नको म्हणालीस तेव्हाही सांगितलं नाही."

ती रागावली असती तर सोपं झालं असतं. लॅपटॉप हळूच मिटला. "मला थोडं बसू द्या काकू." मी बाहेर कॉरिडॉरमध्ये कोट घालून उभी राहिले. अर्ध्या तासाने ती बाहेर आली. मला घरी न्यायला दुसरं कोणी नाही हे तिला माहीत. तिच्या गाडीत वीस मिनिटांचा रस्ता. मी उतरले तेव्हा फक्त "पायरीवर बर्फ आहे" म्हणाली.

बर्फ नव्हता. पाणी होतं. पण म्हणाली.

१८ मार्च

प्रोफेसरबाईंची ई-मेल. सभ्य, चार ओळींची. सध्या येऊ नये. माझ्या हातून गेलेल्या सगळ्या पिशव्या पुन्हा तपासणार आहेत.

पर्समध्ये राहिलेली लॅबची निब धुऊन कापडात गुंडाळली. परत द्यायची आहे.

२१ मार्च

शुक्रवार. साडेनऊला हिमानीची गाडी घरासमोरून गेली. थांबली नाही. मी खिडकीत होते हे तिला दिसलं असेल का?

२५ मार्च

दुपारी हिमानी दारात. बूटसुद्धा न काढता बोलायला लागली. अकरा मणी पुन्हा मायक्रोस्कोपखाली घातले होते. बाहेरून काहीच नाही. पण भोकाच्या आत, जिथे दोरा घासून झीज झालीय आणि माझ्या ब्रशचे केस पोचले नाहीत, तिथे तांबडं आहे. अकराही मण्यांत.

"दोऱ्यालाच गेरू चोळत असणार, काकू. म्हणजे गेरूची पद्धत नंतर सुरू झालीच नाही. ती पहिल्यापासून होती. माझा चॅप्टर गेला, पूर्ण गेला. डेन्व्हर कॅन्सल केलं, डिफेन्स ऑगस्टला ढकललं." आणि मग खाली पायरीवरच बसली, डोळे पुसत, हसत. "शुक्रवारी साडेनऊला न्यायला येते. प्रोफेसरशी बोललेय. पाण्याला हात लावायचा नाही."