मुंग्यांची वाट आणि तुझं लुगडं

आई, "वाट पुसली म्हणून मुंगी घरी बसत न्हाई," असं तू म्हणाली होतीस. सेलूच्या आपल्या खोलीत, चुलीपाशी. मी ओल्या फडक्यानं मुंग्यांची रांग पुसत होते आणि त्या जरा गोंधळून, वळसा घालून पुन्हा साखरेच्या डब्याशी पोचत होत्या. तू जिनिंगवरून नुकतीच आलेली, केसांत कापसाचे तंतू. भाकरी थापता थापता हसतेस. "किती पुसायलीस? परातीत पाणी घालून त्यात ठेव की डबा. साळा शिकायलीस का मुंग्या राखायलीस?"

पुढं मी परभणीला वसतिगृहात राहिले. दर रविवारी तू भाकरी बांधून यायचीस. विद्यापीठाच्या नामांतरावरून एसटी, रेल्वे सगळं बंद होतं त्या रविवारी मी वाट पाहणं सोडून दिलं होतं. संध्याकाळी तू दारात उभी. मानवतपर्यंत कापसाच्या ट्रॅक्टरवर, मग कुणाच्या बैलगाडीत, उरलेलं पायी. कशी आलीस विचारलं तर पुन्हा तेच मुंगीचं वाक्य, आणि वर "लय वाळलीस गं." मी तुझ्या लुगड्यात तोंड खुपसलं. कापूस, धूर, घाम.

आता मी पुण्यात कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. त्यात एक कोडं असतं: एका गाडीला पुष्कळ गावं फिरून परत यायचं असेल तर कुठलं गाव आधी, कुठलं नंतर? इतके क्रम होतात की सगळे तपासायला यंत्राचाही जन्म पुरत नाही. म्हणून आम्ही कॉम्प्युटरात खोट्या मुंग्या सोडतो. प्रत्येक मुंगी आपल्या वाटेवर वास ठेवते, जवळच्या वाटेवर तो दाट होतो, बाकीच्या तिकडं वळतात. आणि दर फेरीला सगळाच वास थोडा थोडा उडवायचा. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, उडवला नाही तर?" मी फळ्याकडं पाहतच सांगितलं, की मग आधी सापडलेल्या वाटेलाच त्या चिकटून बसतात. ती लांबची असली तरी.

त्याच संध्याकाळी सेलूहून मावशीचा फोन आला. तू गेल्यावर तुझ्या सगळ्या लुगड्यांच्या तिनं गोधड्या शिवल्या, एक तेवढं माझ्याकडं राहिलंय. "डोळे चाललेत माझे. दिसतंय तवर टाके घालून देते. चांगलं धुऊन धाड, माय." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर पेटी उघडली आणि ते मांडीवर घेऊन बसले. इथं माझ्याकडं कुणी येत नाही, त्यामुळं किती वेळ बसले हे कुणी विचारलं नाही.

खरं सांगू? वास कधीच गेलाय. डांबराच्या गोळ्यांचा तेवढा येतो. तरी मी नाक खुपसते, रोज नाही, पण खुपसते. हे मी मावशीला सांगितलेलं नाही, आणि हा कागदही त्याच पेटीत घडी करून ठेवणार आहे.

तुझी बहीण तुझं ऐकते. तिला एवढं सांग, की हे एक लुगडं पोरीकडं तसंच राहू दे, न धुता. तू सांगणार नाहीस. भाकरी उलटत म्हणशील, थंडी पडायलीय, शिवून घे.