बोटीत बोलायचं नाही

३ फेब्रुवारी

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पोचल्याचं सहल कंपनीने कळवलं, पण माझा जीव काही थाऱ्यावर नाही. तिथे फोन लागत नाही, म्हणून सामानाच्या बोटीबरोबर हे पत्र पाठवते आहे. गेल्या महिन्यात बाबांना आपल्याच गल्लीत आपलं घर सापडलं नाही, आणि तू त्यांना जंगलातल्या नदीवर प्राणी दाखवायला घेऊन गेलीस! तुझ्यापुढे हात टेकले बाई. काल दुकानात मी एका आजोबांना खोकल्याऐवजी पोटाचं औषध देणार होते. हात काउंटरवर आणि डोकं तुमच्यापाशी, दुसरं काय होणार?

निघताना तू शब्द दिला आहेस. तिथे बाबा एकदा जरी हरवले, तर परत आल्यावर त्यांना त्या वृद्धांच्या निवासात ठेवायचं. खोली त्यांनी आपल्यासाठी धरून ठेवली आहे. मी दुष्ट नाही गं. त्यांच्यामागे धावणं आता तुला झेपत नाही, एवढंच मला दिसतं.

बाबांना नमस्कार. मला तुझ्या मायेची सवय आहे, ती राग आला तरी मोडू नकोस.

तुझी,
ठकी

७ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आधी त्या खोकल्याच्या आजोबांचीच काळजी वाटली.

इथे नदीकाठी लाकडी खोल्या आहेत. नावाडीच आमचा गाईड. उजाडलं की निघायचं. त्याचा नियम एकच, बोटीत पाय ठेवल्यापासून जमिनीवर उतरेपर्यंत बोलायचं नाही. काही दिसलं तर शेजारच्याच्या खांद्याला हात लावायचा. तुझ्या बाबांनी जन्मभर वाचनालयात लोकांना गप्प बसवलं, आता त्यांना अगदी मनासारखा माणूस भेटला. वळणावर जबडा उघडून पडलेली मगर दिसली आणि माझ्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. त्यासरशी त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं, की मला वाटलं आता माझं वर्गणीचं कार्डच काढून घेतात!

पाणमांजरांचं कुटुंब आधी त्यांनाच दिसलं. नाव आठवलं नाही, पण माझ्या खांद्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

जमिनीवर उतरलं की मात्र मी त्यांचा हात सोडत नाही. आपली बस किती वाजता, असं ते सारखं विचारतात. खोलीतून निघाले की दाराला मी बाहेरून कडी लावते. तू काळजी करतेस आणि मी मजेत आहे, असं समजू नकोस.

नीट जेवत जा. आमची आठवण काढ, पण काउंटरवर नको.

तुझी,
आई

११ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

शब्द दिला होता म्हणून लिहिते आहे. काल हे हरवले.

दुपारी मी वाळत घातलेले कपडे काढायला गेले आणि कडी लावायची विसरले. विसरले मी, ते नव्हे. परत येते तो खोली रिकामी. मग नावाडी, स्वयंपाकी, सोबतचे प्रवासी, सगळे हाका मारत सुटले. मी ‘अहो, अहो’ करत चिखलातून काठाकाठाने गेले. ती मगर डोळ्यांपुढून हलेना. घसा बसला. उत्तर नाही. ठके, माझ्या मनात काय काय आलं ते कागदावर उतरवण्याची माझ्यात हिंमत नाही.

ते कुठे होते? धक्क्याला बांधलेल्या बोटीत. वरून वेलींचा पडदा, त्यामुळे कुणाला दिसले नाहीत. हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या काठावरची पाणमांजरं बघत होते. आमची प्रत्येक हाक त्यांनी ऐकली होती. नावाडी बोटीपाशी गेला तेव्हा त्यांनी त्यालाच तोंडावर बोट ठेवून दटावलं. जमिनीवर उतरल्यावर मला म्हणाले, की मला तुझा आवाज येत होता, पण बोटीत बोलायचं नसतं, तुला कितीदा सांगायचं?

आता तू ठरव. मी अडवणार नाही. माझे लाड चालले आहेत, स्वयंपाकी चहासुद्धा खाटेवर आणून देतो.

रागावलीस तरी आमचीच राहा.

तुझी,
आई

१५ फेब्रुवारी

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

स्वयंपाकी चहा खाटेवर का आणतो? तू तर आजारपणातही उठून स्वतःचा चहा करणारी. पाय मुरगळला ना? माझ्यापासून लपवू नकोस, मी औषधं विकते.

तुझं पत्र दुकानातच वाचलं आणि गिऱ्हाइकासमोर रडले. लपवलं असतंस तर मला कधी कळलंही नसतं. आई, बाबा हरवले नव्हते. सांगितलं तसं वागले होते. निवासवाल्यांना खोली नको म्हणून कळवलं. पण तुम्हा दोघांना एकटं सोडणार नाही. मी मधल्या खोलीत राहायला येते आहे. दुकान लांब पडेल, पडू दे. भीती गेलेली नाही, फक्त आता ती जवळ बसून वाटेल.

पायाला गार पाण्याची पट्टी. येताना मला इकडच्या धक्क्यावर शोधा, मी आधीच येऊन उभी असेन.

तुझी,
ठकी

१८ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पाय मुरगळलाच आहे. तुझ्यापुढे कुणाचं चालतं?

मधल्या खोलीतले माझे शिवणाचे गठ्ठे हलवावे लागतील, म्हणून पोटभर रडून घेतलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, येऊ दे, पण मोठ्याने बोलायचं नाही.

नावाड्याने त्यांना नवा नियम घालून दिला आहे. बाईंनी हाक मारली, की बोटीतसुद्धा ओ द्यायची. तो त्यांनी पक्का धरला आहे. माझी हाक पुरी व्हायच्या आत ओ येते. आज सकाळी झाडाखाली बसल्या बसल्या दोनदा ओ दिली. मी हाक मारलीच नव्हती. त्यांना कुणाची ऐकू आली कोण जाणे. मी घाबरले, खोटं कशाला सांगू?

मग मी घाईघाईने हाक मारली. म्हटलं, त्यांची ओ वाया जायला नको.

तुझी वाट बघणारी,
आई