गाठी मारलेल्या वायरींची फटफटी

मी, मंजुळाबाई भ्रतार रुपचंद बडगुजर, वय अदमासे पंचावन्न, धंदा फटफटी चालवणे, राहणार पारोळा, जिल्हा पूर्व खानदेश, बुद्धी ठिकाणावर असताना, कोणी भरीस न घालता, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. यजमानांचे नाव मी एरवी घेत नाही. कागदाला लागते म्हणून घेतले. वकिलांनी कच्चा मसुदा करून दिला होता, त्यात माझा धंदा 'घरकाम' असा घातला होता. तेवढे खोडून बाकीचेही मग मीच नव्याने लिहायला घेतले. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले आहे, म्हणून अक्षराला हसू नये.

लिहिण्याचे कारण असे की, मागच्या महिन्यात डॉक्टरांनी छाती तपासून 'जिने चढू नका' म्हणून सांगितले. आमच्या घराला जिना नाही. पण त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला समजला.

कलम पहिले. पारोळ्यातील राहते घर व गावाबाहेरील कोरडवाहू जमीन ही वडिलोपार्जित असून माझ्या हयातीपुरती माझ्याकडे आहे. ती कोणाला देण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. माझ्यामागे ती धाकटे दीर झुलाल यांच्याकडे जाईल. घराच्या मागच्या भिंतीला पावसाळ्याआधी माती लिंपावी, नाहीतर ओल येते. एवढेच सांगणे आहे.

कलम दुसरे. माझी स्वतःची म्हणावी अशी मोठी मिळकत एकच, ती म्हणजे तीन चाकांची फटफटी. ती माझी कशी, हे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तिच्यावरून एकदा कोर्ट झालेले आहे.

माझे यजमान येथील एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिन चालवीत. त्यांना यंत्राचे वेड होते. भुसावळच्या लिलावात त्यांना एका गोऱ्या साहेबाची मोडकी फटफटी दिसली आणि ते जेवेनासे झाले. तेव्हा माझ्या माहेरच्या पाटल्या मी त्यांच्या हातावर ठेवल्या. इंजिन तिचे, पुढचे चाक दुसऱ्या एका गाडीचे, पेट्रोलची टाकी त्यांनी स्वतः ठोकून केलेली. बाजूला जोडले आहे ते टांग्याचे खोके, टपासकट. अशी गाडी दुसरीकडे कुठे नाही. गावातली बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस धुळ्याच्या इस्पितळात न्यायचा असला की लोक आमच्याकडे येत.

सन १९३४ च्या हंगामात जिनाच्या बॉयलरची पाणी दाखवणारी काच फुटली. उकळते पाणी आणि वाफ यजमानांच्या तोंडावर आली. चेहरा बरा झाला, डोळे गेले. जिनाचा मालक एकदाही भेटायला आला नाही. माझ्या तेराव्याला त्याच्या घरून काही आल्यास ते नम्रपणे परत पाठवावे. भांडू नये, पण ठेवूनही घेऊ नये.

फटफटी अंगणात पडून राहिली. तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. यजमान कोणाशी बोलत नसत, भिंतीला टेकून बसत आणि मी ताट पुढे ठेवले की विचारत, "भाकर कोठे शे?" दुसऱ्या वर्षी झुलालभाऊजी गिऱ्हाईक घेऊन आले. म्हणाले, "दादा, हाई लोखंड आंगनमा सडी ऱ्हायनं. इकी टाकूत."

मीच ओट्यावरून म्हणाले, "इकानी नही. चालाडनी शे."

"कोन चालाडी?"

"मी."

गिऱ्हाईक हसले. भाऊजी हसले नाहीत, त्यांना माझा स्वभाव माहीत होता. दोघे निघून गेल्यावर यजमान बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलले : "पहिले तिना तारा जोडाले शिक."

दिव्याचे भांडे उघडून पाहिले, तर उंदरांनी वायरींचे कापड खाल्लेले. किल्लीचा स्विच तर पार गेला होता. किल्ली घातली तर ती गोल गोल फिरे आणि कुठेच अडकत नसे. आतले पितळ जळून काळे झाले होते. किल्ली फिरल्याखेरीज बॅटरीची वीज इंजिनाला पोचत नाही आणि ठिणगी पडत नाही, म्हणजे नवा स्विच पाहिजे. तो जळगावला अभिमन भंगारवाल्याकडे मिळाला, मोडलेल्या लॉरीचा. आमच्या गाडीच्या भोकात तो मावेना. अभिमनने पत्र्याची पट्टी कापून दिली आणि आम्ही तो टाकीखाली डाव्या अंगाला, खोक्याच्या बाजूला बसवला. अभिमनने बाईमाणसाला यंत्राची वस्तू देताना एकही फाजील प्रश्न विचारला नाही. यजमानांची लाकडी मूठ असलेली मोठी कानस त्याला द्यावी.

वायरी जोडण्याचे काम आम्ही बाजेवर केले. बाजेचे उसे म्हणजे दिवा, पायथा म्हणजे बॅटरी, असे ठरवून सुंभावर नव्या वायरी अंथरल्या. सगळ्यांचे कापड काळे. कोणती कुठली ते कळावे म्हणून मी रंगीत दोरे शिवायला काढले. त्यावर ते म्हणाले, "रंग मना काय कामना? दोराले गाठी मार. त्या मना बोटेसले समजतीन."

म्हणून बॅटरीच्या वायरीला एक गाठ, इंजिनाच्या वायरीला दोन, भोंग्याला तीन, पुढच्या दिव्याला चार आणि मागच्या दिव्याला नुसता सैल फास, असे ठरले. टोके मी खरवडली, स्क्रू मी आवळले. ते शेजारी बसून प्रत्येक वायर बोटांतून ओढून पाहत आणि मग मान हलवत. बॅटरीची वायर सगळ्यात शेवटी जोडायची, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितले की मी चिडून म्हणाले, आता झोपेतही विसरायची नाही.

सगळे जोडून किल्ली फिरवली, आणि इंजिन गप्प, पण भोंगा ओरडू लागला. तो थांबेना. किल्ली उलटी फिरवायची हे माझ्या डोक्यातूनच गेले. गल्लीतली माणसे बाहेर आली. कोंबड्या शेजारच्या कौलांवर गेल्या. मी दोन्ही हात भोंग्यावर दाबून धरले होते, जसे काही त्याचे तोंड दाबता येणार होते. यजमान चाचपडत आले, किल्ली फिरवून आवाज बंद केला आणि स्विचच्या मागे, इंजिनाच्या वायरीच्या जागी, बोटे घातली. "तीन गाठी आठे कश्या उन्यात?" म्हणाले, आणि हसायला लागले. डोळे गेल्यापासून ते हसले नव्हते. हसता हसता खालीच बसले. मीही बसले. भागाबाई, म्हणजे माझी जाऊ, कुंपणापलीकडून पाहत होती. तिला वाटले दोघांना वेड लागले.

वायर बदलली. इंजिन सुरू झाले.

चालवायला शिकण्यात दोनदा नाल्यात गेले, ते लिहीत नाही. यजमान खोक्यात बसून नुसत्या आवाजावरून सांगत, आता हळू, आता चढ आहे, मागचे चाक काही बोलते आहे. नऊवारीचा कासोटा घट्ट मारला की काही अडचण येत नाही. भागाबाईने विहिरीवर 'हिनी पदर वारावर सोडा' असे सगळ्या बायांना सांगितले होते. ते मी विसरलेले नाही. पण माझ्या तापात महिनाभर तिनेच माझे केस विंचरले, हेही विसरलेले नाही. माझी नथ व हिरवे पातळ भागाबाईला द्यावे. पातळ तिला लांब होईल, तिने ते कापू नये.

कलम तिसरे, कोर्टासंबंधी. गाडी चालू झाल्यावर झुलालभाऊजींच्या कानाला कोणी लागले. फटफटी जिनाच्या पगारातून, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या पैशातून झाली, सबब ती विकून वाटणी व्हावी, असा दावा त्यांनी अमळनेरच्या कोर्टात लावला. दाव्यात गाडी मोडीत निघाल्याचे लिहिले होते, आंधळ्याच्या आणि बाईच्या ती काही उपयोगाची नाही असेही लिहिले होते. दोघा भावांचे बोलणे बंद झाले. भिंत एक, आणि पलीकडचा खोकला ऐकू येई. पण यजमान कधी 'काय झालं रे' म्हणून विचारीत नसत. गाडी गेली असती तर ते पुन्हा त्या भिंतीला टेकून बसले असते. मला भीती होती ती तेवढीच.

तारखेच्या सकाळी आम्ही फटफटीवर निघालो. गावाबाहेर मोटारीच्या थांब्यावर भाऊजी उभे होते, काखेत कागद. अमळनेरची मोटार त्या दिवशी आलीच नव्हती. मी सरळ पुढे जाणार होते.

"कोन उभं शे?" यजमानांनी विचारले.

"भाऊजी."

"थांबाड."

थांबवली. यजमान खोक्यात एका बाजूला सरकले. "झुलाल, बस."

"दादा, मी तुनावरच दावा करेल शे."

"ते कोर्टमा सांग. आते बस."

बसले. दोघेही धिप्पाड, खोके टांग्याचे. एकमेकांना चिकटल्यावाचून गत्यंतर नव्हते. अर्ध्या वाटेत गाडी धापा टाकून बंद पडली. उतरून पाहिले, तर स्विचवरची दोन गाठींची वायर सुटलेली आणि तिला आवळून धरणारी स्क्रूची चाकी रस्त्यात कुठे पडलेली. शोधली, मिळाली नाही. वायर बोटाने दाबून धरली की इंजिन चाले, सोडली की बंद. माझे दोन्ही हात मुठीवर. यजमान पलीकडच्या कडेला, त्यांचा हात पोचेना. स्विचजवळ बसलेले होते भाऊजी.

"झुलाल, तार धर."

"चटका बसी का?"

"नही बसत. धर. आनि सोडू नको."

त्यांनी धरली. डावा हात दादाच्या खांद्यावर, उजव्या हाताचा अंगठा स्विचवर, असे ते अमळनेरपर्यंत आले. खड्डा आला की यजमान विचारत, "शे ना?" आणि भाऊजी म्हणत, "शे." तेवढेच बोलणे झाले, पण बोलणे झाले.

कोर्टात पुकारा झाला. मुन्सफसाहेबांनी विचारले, "आज मोटार नाही म्हणून निम्मे लोक गैरहजर आहेत. वादी, तुम्ही वेळेवर कसे आलात?"

"फटफटीवर, साहेब."

"कोणाच्या?"

भाऊजी वकिलाकडे पाहू लागले. मग म्हणाले, "दाव्यामधलीच."

"ती मोडीत निघाली आहे असे तुम्ही लिहिले आहे. चालवली कोणी?"

"वहिनीनं."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"मी तार धरीसन बसेल व्हतू, साहेब."

लोक हसले. साहेब हसले नाहीत, त्यांनी चष्मा काढून पुसला. वकील भाऊजींच्या बाहीला ओढू लागले, पण भाऊजी बाही सोडवून घेऊन म्हणाले, "साहेब, दावा काढी लेवाना शे." का, असे विचारले तर इतकेच म्हणाले की दादा गाडीत बसला की पहिल्यासारखा दिसतो.

परतीच्या वाटेवर घालायला अमळनेरात चाकी त्यांनीच विकत घेतली. पुढे त्यांच्याच संमतीने यजमानांनी फटफटी मला बक्षीसपत्राने लिहून दिली. पाटल्या माझ्या, बक्षीसपत्र माझे. सबब फटफटी हे माझे स्त्रीधन असून तिची व्यवस्था करण्याचा मला पूर्ण अधिकार आहे.

यजमान १९४४ साली न्यूमोनियाने वारले. शेवटपर्यंत खोक्यात बसत होते.

कलम चौथे. सदर फटफटी, खोके, टप व हत्यारांची पेटी ही सर्व कुंदाबाई, पारोळ्याच्या दवाखान्यातील सुईण, यांना द्यावी. लढाईच्या दिवसांत पेट्रोलची कुपने मिळेनात, तेव्हा दवाखान्याचे पत्र घेऊन ती दारोदार फिरली, म्हणून गाडी चालू राहिली. रस्त्यातच बाळंत होऊ लागलेली बाई तिने टपाखाली सोडवली आहे. मी तिला गाडी शिकवली आहे. ती माझ्यापेक्षा सरळ चालवते. तिच्याकडून गाडी कोणी मागू नये. वायरी जुन्या झाल्या आहेत. तिला हव्या तर तिने रंगीत घालाव्यात. गाठी माझ्या घरातल्या माणसासाठी होत्या. तिला दिसते आहे.

कलम पाचवे. पोस्टात जे थोडे असेल त्यातून माझे क्रियाकर्म साधेपणाने करावे आणि उरेल ते कुंदाबाईने पेट्रोलला घालावे.

याखेरीज माझी कोणाकडे मागणी नाही. दोन मुले झाली, राहिली नाहीत. त्यांच्या नावाने काही करू नये, मी माझ्यापुरते केले आहे. वरील मजकूर मी वाचून पाहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि जे लिहायचे होते ते लिहून झाले अशी खात्री करून खाली सही करते.

मुक्काम पारोळा, तारीख ९ फेब्रुवारी १९४७.

सही : मंजुळाबाई रुपचंद बडगुजर, दस्तुर खुद्द.

साक्षीदार पहिला : तोताराम सखाराम वाणी, राहणार पारोळा. बाईंनी माझ्यासमक्ष सही केली. बाई शुद्धीवर आहेत.

साक्षीदार दुसरा : झुलाल कौतिक बडगुजर. वहिनीनं बठ्ठं वाचीसन दखाडं. मना काही दावा नही. तोतारामभाऊ म्हने, एवढंच लिख. तरी लिखस : हाऊ कागद लवकर उघाडानं काम पडाले नको.