सोबत आलेल्यांनी बोलायचं नाही

३ मार्च, सोमवार
नातीला विद्यापीठाची नोटीस! तिचा आणि शेजारच्या शिवणवालीच्या लेकीचा प्रकल्प ओळीला ओळ सारखा. दोघी एकाच वर्गात. त्या पोरीचा आधी जमा झाला, म्हणून नक्कल केल्याचा संशय आमच्या बाईसाहेबांवर. शिस्त समितीपुढे जायचंय. दोष ठरला तर एक वर्ष बाहेर.

५ मार्च
नातीने लेखी खुलासा चारदा लिहिला, चारदा फाडला. जेवत नाही.

११ मार्च, मंगळवार
सुनावणी. सोबत एकाला नेता येतं – नातीने मला नेलं! ठेवणीतले कपडे घातले. चौथी पास बाई मी, आणि विद्यापीठात खुर्चीवर! काय ते टेबल, आमच्या स्वयंपाकघराएवढं. मला पाणीसुद्धा विचारलं. प्रसंग काय, नि मी हरखतेय काय!
मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमचं काम दुसऱ्याच्या हाती गेलं कसं?" नात गप्प. पुन्हा विचारलं. गप्प.
मीच दिलेलं! नातीने एवढं जाडजूड लिहिलं, कोणाला दाखवू नि कोणाला नको असं झालेलं. शिवणवालीला म्हटलं, ने घरी, निवांत बघ. चार दिवस तिच्याकडे होतं.
उठले. "अहो बाई, ते मी –"
कारकून म्हणाला, "आजी, सोबत आलेल्यांनी बोलायचं नाही. बसा."
बसले.
जिन्यात नात म्हणाली, "मला माहीत होतं गं. तुला त्यांच्यापुढे उभं नव्हतं करायचं." आणि मी तिथे पाणी पीत बसलेले!

१८ मार्च
एक वर्ष बाहेर. अपिलाला दहा दिवस.

१९ मार्च
अपिलाला नवा पुरावा लागतो. तो मीच की! जबाब लिहायला बसले. दोन पानांना दुपार गेली, बोटं आखडली. नात म्हणते, "आजी, शेजारच्या मावशीचं नाव नको." नावाशिवाय कसला जबाब? घातलं. शिवणवालीशी तीस वर्षांची मैत्री. तिला आधी सांगायला हवं होतं. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले.

२ एप्रिल
अपील मान्य! नात सुटली! घरभर नाचले म्हातारी.

३ एप्रिल
शिवणवालीची लेक दोन वर्षं बाहेर. शिवणवाली आली, उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, "दिलंस तूच. नाव सांगितलंस तेही तूच."
मी म्हटलं, आत तरी ये.
आली नाही.