लाल गोलातले दिवस

गुरुवार, डिसेंबर. संध्याकाळ.

अप्पांचा खोकला आजही थांबलेला नाही. फोनवर हवेच्या गुणवत्तेचा आकडा बघायला दिवाळीत मीच त्यांना शिकवलं. तेव्हापासून रोज सकाळी ते तो कॅलेंडरवर लिहितात, मोठ्या आकड्याला लाल गोल करतात. मला वाटलं, धोक्याचे दिवस म्हणून.

आज औषध देताना सहज विचारलं, "लाल गोलाच्या दिवशी घरीच थांबता ना?"

"घरी कशाला? त्या दिवशी तर गोदापार्कला दोन फेऱ्या जास्त मारतो. आकडा चांगला असतो ना!"

शाळेत जन्मभर पेपर तपासलेले माझे वडील. त्यांच्या लेखी जास्त मार्क म्हणजे हुशार. आणि मी? आकडा कुठे दिसतो ते दाखवलं. कमी असेल तितका बरा, हे सांगायचंच राहिलं. इतकं साधं कसं सुटलं माझ्याकडून?

समजावल्यावर त्यांनी कॅलेंडरवरच्या लाल गोलांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे हे सगळे नापास?"

आत्ता तेच पान बघतेय. या महिन्यात लाल गोल नसलेले दिवस दोनच. त्या दोन्ही दिवशी अप्पा खिडक्या लावून घरात बसले होते, हवा वाईट आहे म्हणून.